सोरायसिस असताना टाच, हृदय आणि मन यांचीही चौकशी का करावी लागते

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चाळिशीच्या पुढे, गेली बरीच वर्षे कोपर, गुडघे आणि डोक्याच्या त्वचेवर सोरायसिसचे चट्टे. चट्टे वाढले की मलम लावायचे आणि कमी झाले की सोडून द्यायचे, असा आजवरचा क्रम. अलीकडे सकाळी उठल्यावर टाच दुखते, असे डॉक्टरांना बोलता बोलता सांगितले, तेव्हा त्यांनी सांध्यांची तपासणी केली आणि रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल व यकृताच्या चाचण्या लिहून दिल्या. आजार कातडीचा असताना एवढा पसारा कशासाठी, आणि औषध आयुष्यभर घ्यावे लागणार का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

तुमच्या डॉक्टरांनी योग्य तेच केले आहे आणि या तपासण्या करून घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही टाचेच्या दुखण्याचा उल्लेख ओझरता केला आहे. मी मात्र सुरुवात तिथूनच केली असती.

सोरायसिस दिसतो त्वचेवर, पण त्याचे मूळ रोगप्रतिकारक यंत्रणेत असते. निरोगी त्वचेची पेशी तळाच्या थरात तयार होऊन वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. चट्ट्यामध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत उरकतो, त्यामुळे पुरत्या न पिकलेल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांचे चंदेरी पापुद्रे दिसू लागतात. ही घाई पेशींना लावणारे संदेशवाहक रेणू, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१७ आणि इंटरल्युकिन-२३, केवळ चट्ट्यापुरते थांबत नाहीत. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर त्यांचा परिणाम रक्तवाहिन्या, सांधे, यकृत आणि चरबीच्या पेशींपर्यंत पोहोचतो. जगातील सुमारे २ ते ३ टक्के लोकांना हा आजार आहे आणि जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्ये ठराव करून त्याला गंभीर असंसर्गजन्य आजार म्हणून मान्यता दिली आहे. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, एकाच टॉवेलने किंवा शरीरसंबंधाने तो कोणालाही लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. घरातल्या मंडळींना मात्र एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेले बरे.

आता टाचेविषयी. सोरायसिस असलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत लोकांना कधी ना कधी सोरायटिक संधिवात होतो आणि बहुतेकांमध्ये त्वचेचा आजार आधी सुरू होऊन सांध्यांचा त्रास काही वर्षांनी, पुष्कळदा दहाएक वर्षांनी डोके वर काढतो. या संधिवाताची एक खासियत अशी, की तो सांध्याच्या पोकळीइतकाच कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, जिथे हाडाला चिकटते त्या जागेवर हल्ला करतो, आणि अशी सर्वांत ताण सोसणारी जागा म्हणजे टाच. टाचेच्या मागची जाड कंडरा हाडाला मिळते त्या ठिकाणी मी अंगठ्याने, नखाचे टोक पांढरे होईल इतपतच, दाब देऊन पाहतो. तेवढ्या दाबाने रुग्ण पाय मागे ओढत असेल तर पुढचे प्रश्न मी अधिक बारकाईने विचारतो. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकतो का? हालचाल केल्यावर बरे वाटते आणि बसून राहिल्यावर पुन्हा अंग धरते का? कंबर पहाटे झोपेतून उठवते का? हाताचे किंवा पायाचे एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सारखेच सुजले होते का? शर्टाची बटणे लावायला सकाळी वेळ लागतो का? साध्या टाचदुखीत पहिली काही पावले कळ येते, ती लवकर ओसरते आणि दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा वाढते. दाहामुळे होणारे दुखणे विश्रांतीने वाढते, हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, जरी प्रत्येक वेळी तो इतका स्वच्छ दिसत नाही.

नखांकडेही उजेडात नीट पाहा. नखावर टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे बारीक खळगे, नखाखाली तेलाचा थेंब पसरल्यासारखा पिवळसर-तपकिरी डाग, किंवा नख पुढच्या बाजूने सुटून आलेले असेल तर ती सोरायसिसची खूण असू शकते. पुष्कळांची नखे बुरशी समजून महिनोन् महिने बुरशीच्या औषधाने पुसली जातात. अशा वेळी नखाचा तुकडा तपासून घेतला तर संशय फिटतो. नखाचे मूळ आणि बोटाच्या शेवटच्या सांध्याची कंडरा यांची शरीररचना एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे नखे बिघडलेल्यांमध्ये, तसेच डोक्याच्या त्वचेवर चट्टे असलेल्यांमध्ये, सांध्यांचा त्रास अधिक आढळतो. तुमच्या डोक्यात चट्टे आहेत, हे मी मुद्दाम नोंदवतो.

या संधिवातात रक्तातील ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (नेहमीच्या संधिवाताची रक्तचाचणी) बहुधा निगेटिव्ह येतो, दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या चाचण्याही कित्येकदा सामान्य येतात, आणि सुरुवातीच्या काळात एक्स-रेवर काहीच दिसत नाही. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ एवढ्यावर समाधान मानू नये. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कंडरेच्या मुळाशी असलेला दाह लवकर दिसतो. संधिवाततज्ज्ञांकडे जायला सहा महिन्यांचा उशीर झालेल्या रुग्णांमध्येही सांध्यांची झीज अधिक आढळलेली आहे आणि झिजलेले हाड पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून वेदनाशामक गोळ्यांवर हे दुखणे अंगावर काढू नका.

हृदयाचा मुद्दा लोकांना पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण तिथे दुखत काहीच नाही. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात चरबी साचणे ही निव्वळ चरबीची गोष्ट नाही, त्यात दाहाचाही मोठा वाटा असतो, आणि सोरायसिसमध्ये असा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. तीव्र सोरायसिस असलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसतो आणि ही वाढ तुलनेने तरुण रुग्णांमध्ये अधिक ठळक असते. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ मध्ये कोलेस्टेरॉलविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत सोरायसिसचा समावेश धोका वाढवणाऱ्या घटकांमध्ये केलेला आहे. म्हणजे स्टॅटिन, अर्थात कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करावी की थांबावे अशा सीमारेषेवर रुग्ण असेल, तर सोरायसिस असणे हे पारडे सुरू करण्याच्या बाजूला झुकवते. यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. सौम्य आजारात हा धोका फारसा वाढलेला नसतो, आणि वाढलेला असला तरी त्यातला मोठा भाग रक्तदाब, साखर, वजन आणि तंबाखू या ओळखीच्या गोष्टींमधून येतो, ज्यांवर इलाज आहे.

त्यामुळे चट्टे मोठ्या भागावर पसरलेल्या किंवा गोळ्या-इंजेक्शनांची गरज असलेल्या व्यक्तीने वर्षातून एकदा तरी रक्तदाब, वजन, कमरेचा घेर, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल पाहून घ्यावे, अशी माझी पद्धत आहे. ज्याला फक्त कोपरावर दोन चट्टे आहेत, त्याला वयोमानाप्रमाणे होणाऱ्या नेहमीच्या तपासण्या पुरतात. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने दुहेरी लाभ होतो: चट्टे कमी होतात, आणि घेत असलेल्या औषधाचा गुणही अधिक येतो, कारण काही इंजेक्शनांची मात्रा ठरावीक असते आणि जड शरीरात ती तोकडी पडते. इथे एक अडचण पुस्तकांत फारशी लिहिलेली नसते. उघड्या हातापायांवरचे चट्टे लोक पाहतील म्हणून कित्येक जण पोहणे, मैदानावरचे खेळ किंवा व्यायामशाळा सोडून देतात, वजन वाढते, आणि वाढलेले वजन आजाराला खतपाणी घालते. अशांना मी आधी त्वचा आटोक्यात आणू आणि मग व्यायामाचे बोलू, असे सांगतो. क्रम उलटा केला की दोन्ही गोष्टी राहून जातात. त्वचा स्वच्छ झाली म्हणून रक्तदाबाची गोळी सोडता येत नाही, हेही सांगितलेले बरे.

यकृताची चाचणी दोन कारणांसाठी असते: या रुग्णांमध्ये यकृतात चरबी साचण्याचे प्रमाण जास्त असते, आणि पुढे मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसची गोळी द्यायची वेळ आली तर यकृताची आधीची स्थिती माहीत असावी लागते. हाच दाह डोळ्यात किंवा आतड्यातही असू शकतो. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना आणि दिसणे धूसर झाले, तर थेंब टाकून वाट पाहत बसू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो लगेच तपासायला हवा. बरेच दिवस जुलाब, शौचातून रक्त, उगीच घटणारे वजन अशी लक्षणे तुम्हाला असतील, किंवा घरात रक्ताच्या नात्यात कोणाला आतड्याच्या दाहाचा आजार असेल, तर तेही आवर्जून सांगा, कारण इंटरल्युकिन-१७ रोखणारी औषधे तो आजार वाढवू शकतात.

मनाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तपासणीच्या खोलीत यावर सर्वांत कमी बोलले जाते. नैराश्य आणि चिंता या रुग्णांमध्ये सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त आढळतात. लोकांच्या नजरा हे त्याचे एक कारण. रात्रीची खाज आणि मोडलेली झोप हे दुसरे. आणि दाह घडवणारे रेणू मेंदूच्या कामावरही परिणाम करतात, असे मानायला आधार आहे. म्हणून ‘मनाला लावून घेऊ नका’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. त्वचेच्या आजाराचा जगण्यावर किती परिणाम झाला हे मोजण्यासाठी १९९४ पासून दहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरात आहे. तिच्यात मागच्या आठवड्यातील खाज, कपड्यांची निवड, काम, खेळ, जवळचे संबंध यांविषयी विचारलेले असते. ३० पैकी १० च्या वर गुण गेले तर परिणाम मोठा मानतात. तळहातावर फक्त दोन चट्टे असलेल्या, पण हातानेच काम करणाऱ्या माणसाचे गुण पाठभर चट्टे असलेल्या माणसापेक्षा जास्त येऊ शकतात. जननेंद्रियांवरचे चट्टे रुग्ण सांगत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, त्यामुळे त्यांवर उपचारच होत नाहीत. ‘खालीही आहे’ एवढे दोन शब्द पुरेसे असतात, ते बोला. जगणे नकोसे वाटू लागले असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा.

उपचार ठरवताना तळहाताचे माप उपयोगी पडते: बोटांसह तुमचा तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण १ टक्का. चट्टे १० टक्क्यांहून अधिक भागावर असतील, चेहरा, डोके, तळहात-तळपाय, नखे किंवा जननेंद्रिये यांसारख्या अवघड जागी असतील, किंवा मलमे नीट वापरूनही गुण येत नसेल, तर मलमांच्या पुढे जाण्याचा विचार करावा. अट ‘नीट वापरूनही’ अशी आहे, आणि तिथेच बहुतेकांचे अडते. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली मलमाची रेघ सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. एवढे मलम बहुतेक जण चारपाच दिवस पुरवतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात. डोक्यावर जाड खवले असतील तर सॅलिसिलिक ॲसिडने ते आधी मऊ करून काढावे लागतात, अन्यथा औषध खवल्यांवरच राहते. जोरकस स्टेरॉइड चेहऱ्यावर किंवा काखेत, जांघेत लावू नये, तिथली त्वचा पातळ होते. चट्टा सपाट झाल्यावर एकदम थांबण्याऐवजी त्याच जागी आठवड्यातून दोन दिवस मलम चालू ठेवले, तर तो पुन्हा उफाळायला वेळ लागतो. तुमचा ‘वाढला की लावा, कमी झाला की सोडा’ हा क्रम मी आधी तिथे बदलेन. चट्टा गेल्यावर उरणारा काळपट किंवा फिकट डाग हा आजार नव्हे. बोट फिरवून पाहावे: जाडी आणि पापुद्रा नसेल तर औषधाची गरज नाही, तो डाग आपोआप पुसट होतो.

मलमांच्या पुढची पायरी म्हणजे ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांचा उपचार, जो आठवड्यातून दोन-तीन वेळा काही महिने घ्यावा लागतो. त्वचेसाठी तो चांगला आहे, पण सांध्यांना त्याचा उपयोग नाही. गोळ्यांमध्ये मेथोट्रेक्सेट सर्वांत जुने आणि अजूनही भरवशाचे औषध आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेल्यामुळे जिवावर बेतलेले प्रसंग घडलेले आहेत, म्हणून वार ठरवून तो पाकिटावर ठळक लिहून ठेवावा, फॉलिक ॲसिड सांगितल्याप्रमाणे घ्यावे, रक्ततपासणी चुकवू नये आणि मद्य शक्यतो बंदच ठेवावे. सायक्लोस्पोरिन लवकर गुण देते, पण रक्तदाब आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. बायोलॉजिक, म्हणजे वर सांगितलेले संदेशवाहक रेणू नेमके रोखणाऱ्या, इंजेक्शनांनी गेल्या दोन दशकांत या आजाराचे चित्र खरोखर पालटले आहे. ९० टक्के किंवा त्याहून अधिक सुधारणा हे आता अनेकांच्या बाबतीत वाजवी उद्दिष्ट झाले आहे. ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोग आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी लागते. कोणते इंजेक्शन निवडायचे हे सांधे, आतडी, हृदयाची कार्यक्षमता असे सगळे पाहून ठरते, आणि सुरुवातीच्या ‘पसाऱ्या’चे एक प्रयोजन हेही आहे.

एका गोष्टीविषयी मात्र मी कडक आहे. सोरायसिससाठी स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने सरसकट घेऊ नयेत. चट्टे आठवड्यात नाहीसे होतात, पण औषध थांबताच आजार दुपटीने उसळतो आणि कधी कधी अंगभर पूयुक्त पुरळ उठते. घटक न लिहिलेली, ‘मुळापासून बरे करतो’ असे सांगून विकली जाणारी भुकटी किंवा गोळी चमत्कारासारखी लागू पडली, तर तिच्यात स्टेरॉइड मिसळले असण्याची शंका घ्यावी.

आजार चाळवणाऱ्या गोष्टींपैकी घशाचा स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग, त्वचेला झालेली जखम किंवा ओरखडा, धूम्रपान, मद्य आणि मानसिक ताण या प्रमुख. पापुद्रे नखाने काढण्याची सवय अनेकांना असते. जखमेच्या जागी नवा चट्टा उठतो, हे एकोणिसाव्या शतकातच कोबनर या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवले होते. मनोविकारांवरचे लिथियम, मलेरियाविरोधी क्लोरोक्विनसारखी औषधे आणि रक्तदाबाच्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी काहींचा आजार वाढतो. तरी या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी लिहून दिल्या त्यांना विचारा. पथ्याविषयी लोक सर्वाधिक विचारतात आणि मला सांगण्यासारखे सर्वांत कमी असते: सर्वांनी टाळावा असा एकही पदार्थ सिद्ध झालेला नाही, आणि ग्लुटेन (गव्हातले प्रथिन) बंद करण्याचा फायदा ज्यांच्या रक्तात सीलियाक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराच्या चाचण्या पॉझिटिव्ह आहेत त्यांच्यापुरताच सांगता येतो.

औषध आयुष्यभर लागेल का? आजाराची प्रवृत्ती आयुष्यभर राहते, औषध मात्र तेवढेच आणि तसेच राहील असे नाही. महिनोन् महिने त्वचा स्वच्छ राहिली तर मात्रा कमी करता येते, दोन इंजेक्शनांतले अंतर काहींच्या बाबतीत वाढवता येते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचे असते, कारण सांधे शांत आहेत की नाहीत हे त्वचेवरून कळत नाही. मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो आधीच बोलून ठेवावा. गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही, आणि ॲसिट्रेटिन ही सोरायसिसची आणखी एक गोळी थांबवल्यानंतरही स्त्रीने तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. आईवडिलांपैकी एकाला सोरायसिस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता वाढते, तरी अशा बहुतेक मुलांना तो होत नाही.

शेवटी दोन परिस्थिती, ज्यांत घरी थांबणे धोक्याचे आहे. जवळजवळ सगळे अंग लाल होऊन साल सुटू लागली, थंडी वाजून हुडहुडी भरली किंवा पायांवर सूज आली, तर शरीरातील पाणी, उष्णता आणि प्रथिने वेगाने बाहेर जात असतात आणि हृदयावर ताण येतो. तापासोबत लाल, दुखऱ्या त्वचेवर बारीक पांढरट पूयुक्त पुटकुळ्यांचे थर उठू लागले, तर तो सोरायसिसचा दुर्मीळ पण जिवावर बेतू शकणारा प्रकार असू शकतो. दोन्हींत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि मागच्या काही आठवड्यांत स्टेरॉइडची गोळी, इंजेक्शन किंवा नाव नसलेले कोणतेही औषध घेतले असेल, तर ते पहिल्याच भेटीत, न विचारता सांगावे.